ॲना मणी : पुण्यात बसून सूर्य मोजणाऱ्या शास्त्रज्ञ

विद्यार्थी मित्रांनो, मोबाईल उघडला की आजचे तापमान ३४ अंश, आर्द्रता ४० टक्के, वाऱ्याचा वेग अमुक, असे आकडे तुम्हाला लगेच दिसतात. हे आकडे येतात कुठून, असा प्रश्न कधी पडला आहे का? संगणकातून येतात, असं तुम्ही म्हणाल. उत्तर बरोबर आहे, पण अर्धंच. संगणकाला ना ऊन लागत, ना वारा. त्याला फक्त आकडे कळतात. मग उन्हाचा आकडा करतं कोण?

ते काम उपकरण करतं. भारतातली हवामानाची उपकरणे भारतातच बनावीत आणि त्यांनी खरं तेच सांगावं, यासाठी एका बाईंनी पुण्यात बसून वीस वर्षे काम केलं. त्यांचं नाव ॲना मणी. आजच्या पाठात त्यांचं चरित्र पाहू आणि त्याबरोबर प्रयोगशाळेतलं उपकरण संगणकाला जोडतात म्हणजे नक्की काय करतात, तेही समजून घेऊ. या दोन गोष्टींचा संबंध काय, हे पाठ संपेपर्यंत तुमचं तुम्हालाच कळेल.

बालपण : कानातले नको, पुस्तकं हवीत

ॲना मणी यांचा जन्म २३ ऑगस्ट १९१८ रोजी त्या वेळच्या त्रावणकोर संस्थानातील पीरमेड या गावी झाला. हे गाव आज केरळमध्ये आहे. वडील स्थापत्य अभियंता होते. आठ भावंडांत ॲना सातव्या. घर सुखवस्तू होतं, पण रीत त्या काळचीच होती. मुलगे शिकून नोकरीला लागायचे आणि मुलींची लग्नं व्हायची.

त्यांच्या घरी मुलीच्या आठव्या वाढदिवसाला हिऱ्याची कर्णफुले देण्याची पद्धत होती. छोट्या ॲनाने ती नाकारली आणि त्याऐवजी एन्सायक्लोपीडिया ब्रिटानिकाचा संच मागून घेतला! तोपर्यंत गावच्या सार्वजनिक वाचनालयातली मल्याळम पुस्तके तिने बहुतेक वाचून काढली होती. १९२५ साली वायकोम सत्याग्रहाच्या निमित्ताने महात्मा गांधी त्या भागात आले. त्यांचा प्रभाव तिच्या मनावर पडला आणि पुढे आयुष्यभर ॲना मणी यांनी खादी वापरली. आपल्या देशाला लागणारी वस्तू आपणच बनवायची, हा विचार त्यांच्यात तेव्हापासून रुजला असं म्हणायला हरकत नाही. पुढे पुण्यात त्यांनी नेमकं तेच केलं, फक्त कापडाच्या जागी उपकरणं होती.

बंगळूर : हिरे आणि फोटोच्या काचा

मद्रासच्या प्रेसिडेन्सी कॉलेजातून १९३९ साली त्यांनी भौतिकशास्त्र आणि रसायनशास्त्र घेऊन पदवी मिळवली. १९४० मध्ये शिष्यवृत्ती मिळवून त्या बंगळूरच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये दाखल झाल्या. तिथे नोबेल पारितोषिक विजेते सर सी. व्ही. रामन यांच्या प्रयोगशाळेत त्यांना काम मिळालं. विषय होता हिरा आणि माणिक. लहानपणी हिऱ्याची कर्णफुले नाकारणाऱ्या मुलीच्या हातात आता तीसहून जास्त हिरे आले, पण ते तपासायला!

हे काम कसं चालायचं, ते समजून घ्या. हिऱ्यावर प्रकाश टाकला की हिरा स्वतःही मंद प्रकाश देतो. तो प्रकाश वर्णपटमापकातून जाऊन फोटोच्या काचेवर उमटतो. पण प्रकाश इतका मंद असतो की काच पंधरा-वीस तास तशीच ठेवावी लागे. ॲना मणी अनेकदा रात्री प्रयोगशाळेतच झोपत. त्या काळी ना संगणक होता ना मेमरी कार्ड. निसर्गाने दिलेला संकेत धीराने पकडून साठवण्याचं साधन म्हणजे ती काच.

१९४२ ते १९४५ या काळात त्यांचे स्वतंत्रपणे लिहिलेले पाच शोधनिबंध प्रसिद्ध झाले. ऑगस्ट १९४५ मध्ये त्यांनी पीएच.डी.चा प्रबंध मद्रास विद्यापीठाला सादर केला. विद्यापीठाने पदवी नाकारली. का? तर त्यांच्याकडे एम.एस्सी.ची पदवी नव्हती म्हणून! काम झालं होतं, निबंध छापून आले होते, पण कागद अपुरा पडला. तो प्रबंध पुढे बंगळूरच्या रामन रिसर्च इन्स्टिट्यूटच्या ग्रंथालयात जपून ठेवला गेला. ॲना मणी यांना पीएच.डी. कधीच मिळाली नाही. मित्रांनो, ही गोष्ट लक्षात ठेवा. शेवटी आपण तिच्याकडे परत येणार आहोत.

लंडन : हवं होतं एक, मिळालं दुसरं

१९४५ सालीच सरकारी शिष्यवृत्तीवर त्या लंडनच्या इम्पीरियल कॉलेजात गेल्या. मनात भौतिकशास्त्रातलं संशोधन होतं, पण शिष्यवृत्ती मिळाली ती हवामानाच्या उपकरणांसाठी. एखादी व्यक्ती खट्टू झाली असती. ॲना मणी यांनी मात्र तापमापक, वायुदाबमापक, वारामापक ही साधने मुळापासून शिकून घेतली. ती कशी बनतात, कशी बिघडतात, आणि बिघडूनही चालू असल्यासारखी कशी दिसतात, हे सगळं त्यांनी समजून घेतलं. १९४८ मध्ये त्या स्वतंत्र भारतात परतल्या आणि पुण्यात भारतीय हवामान विभागात रुजू झाल्या.

पुणे : सिमला ऑफिसचा कारखाना

पुण्यात राहणाऱ्या मुलांना शिवाजीनगरचं ‘सिमला ऑफिस’ ठाऊक असेलच. बसचा थांबाही त्याच नावाचा. पण पुण्यात सिमला कुठून आलं? हवामान विभागाचं मुख्यालय आधी सिमल्याला होतं. ते १९२८ साली पुण्याला हलवलं गेलं. पुढे १९४४ मध्ये मुख्यालय दिल्लीला गेलं, तरी लोकांच्या तोंडी सिमला ऑफिस हेच नाव राहिलं, आणि उपकरणांचा विभागही पुण्यातच राहिला.

स्वातंत्र्य मिळालं तेव्हा हवामानाची साधी साधी उपकरणेसुद्धा परदेशातून यायची. एखादं बिघडलं की बोट येईपर्यंत वाट पाहायची! शिवाय एक उपकरण एका कंपनीचं, दुसरं दुसऱ्या कंपनीचं. नागपूरचा तापमापक आणि रत्नागिरीचा तापमापक एकाच मापाने बोलतात, याची खात्री कशी द्यायची?

ॲना मणी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सुमारे शंभर प्रकारच्या उपकरणांची प्रमाणित रेखाटने तयार केली. रेखाटन म्हणजे शोभेचं चित्र नव्हे, बरं का! कुठला भाग किती मिलिमीटर, धातू कुठला, स्क्रू कुठे, हे सगळं त्यात ठरलेलं असतं. तशी रेखाटने हाताशी असली की पर्जन्यमापक कुठेही बनवा, तो सारखाच बनतो. १९५३ साली त्या या विभागाच्या प्रमुख झाल्या. त्यांच्या हाताखाली १२१ पुरुष काम करत होते. हे साल पुन्हा एकदा वाचा. त्या काळी कारखान्यात बाई अधिकारी दिसणं हीच नवलाची गोष्ट होती.

त्यांचा आग्रह एकच असे. माप चुकीचं घ्यायचं असेल, तर ते न घेतलेलंच बरं. कारण माप घेतलं नाही तर आपल्याला निदान ठाऊक असतं की आपल्याला माहीत नाही. चुकीचं माप मात्र माहीत असल्याचा भास देतं.

ऊन मोजायचं कसं?

१९५७-५८ हे आंतरराष्ट्रीय भूभौतिकी वर्ष म्हणून जगभर पाळलं गेलं. त्या निमित्ताने ॲना मणी यांनी भारतात सौर प्रारण, म्हणजे सूर्याकडून येणारी ऊर्जा, मोजणाऱ्या केंद्रांचं जाळं उभारलं. सुरुवातीला उपकरणे बाहेरून आणावी लागली, पण पुढे ती पुण्यातच बनू लागली.

ऊन मोजणाऱ्या उपकरणाला पायरानोमीटर म्हणतात. काचेच्या घुमटाखाली एक काळी चकती असते. ऊन पडलं की चकती तापते. तिच्याखाली दोन वेगळ्या धातूंच्या तारांचे अनेक जोड असतात. जोडाची एक बाजू गरम आणि दुसरी थंड असेल, तर त्यात थोडासा विद्युत दाब तयार होतो. ऊन जास्त असेल तर दाब जास्त, कमी असेल तर कमी. हा दाब सलग बदलत राहतो, ढग आला की उतरतो, गेला की चढतो. अशा सलग बदलणाऱ्या संकेताला ‘ॲनालॉग’ संकेत म्हणतात.

त्या काळी हा संकेत नोंदक यंत्राकडे जाई. कागदाचं भेंडोळं हळूहळू सरके आणि शाईचा काटा त्यावर रेघ काढत राही. दिवस संपला की ती रेघ माणूस वाचे आणि ताशी आकडे वहीत लिही. म्हणजे संकेताचे आकडे करणारं ‘यंत्र’ तेव्हा माणूसच होता!

आता संगणक जोडू या

१९६० च्या दशकात मिनी कॉम्प्युटर आले. अमेरिकेत १९६५ साली पीडीपी-८ आला. आपल्याकडे तुर्भ्याच्या अणुसंशोधन केंद्रात घडवलेला टीडीसी-१२ हा १९६९ चा. नावात ‘मिनी’ असलं तरी आकार कपाटाएवढा. पण आधीचे संगणक अख्खी खोली व्यापत, त्या मानाने तो लहानच. तो थेट प्रयोगशाळेत ठेवता येई आणि उपकरणाची तार त्याला जोडता येई.

पण तार जोडली की काम झालं, असं नाही. संगणकाला रेघ कळत नाही, आकडा कळतो. म्हणून मध्ये एक परिवर्तक लागतो. तो विद्युत दाब घेतो आणि आकडा देतो. १२ बिटांचा परिवर्तक असेल तर त्याच्याकडे २ चा १२ वा घात, म्हणजे ४०९६ पायऱ्या असतात. आता वही-पेन्सिल घ्या आणि हे गणित माझ्याबरोबर करा.

समजा, आपला पायरानोमीटर दर चौरस मीटरला १ वॅट उन्हामागे १० मायक्रोव्होल्ट देतो. भर दुपारी ऊन साधारण १००० वॅट असतं. म्हणजे मिळाले १०,००० मायक्रोव्होल्ट, अर्थात फक्त १० मिलिव्होल्ट. परिवर्तक मात्र ० ते १० व्होल्ट मोजणारा आहे. त्याची एक पायरी झाली १० भागिले ४०९६, म्हणजे जवळजवळ २.४ मिलिव्होल्ट. मग भर दुपारचं ऊन किती पायऱ्या चढलं? फक्त चार! सकाळचं कोवळं ऊन तर पहिल्या पायरीवरच अडलं.

उपाय काय? मध्ये ॲम्प्लिफायर लावायचा. संकेत ५०० पट केला तर १० मिलिव्होल्टचे ५ व्होल्ट होतात आणि ऊन सुमारे २०४८ पायऱ्या चढतं. आता एक पायरी म्हणजे साधारण अर्धा वॅट. मग १००० पट का नको करायचा? कारण ढगाच्या कडेवरून परावर्तित झालेलं ऊन मिळालं की आकडा कधी कधी १००० वॅटच्याही वर जातो. वर थोडी जागा शिल्लक ठेवलीच पाहिजे.

आणखी दोन गोष्टी सांभाळायच्या. पहिली, आकडा किती वेळाने घ्यायचा? तासातून एकदाच घेतला आणि नेमका त्या क्षणी ढग आला, तर संगणक म्हणेल की पूर्ण तास ढगाळ होता. म्हणून वारंवार आकडे घेऊन सरासरी काढतात. दुसरी, गच्चीवरून खोलीपर्यंत येणारी लांब तार. घरातली वीज सेकंदाला ५० वेळा हेलकावे घेते आणि तो गुणगुणाट या तारेत शिरतो. म्हणून पीळ घातलेली, जाळीने मढवलेली तार वापरतात, आणि एक पूर्ण हेलकावा, म्हणजे २० मिलिसेकंद, भरेल एवढ्या वेळाची सरासरी घेतात.

हे सगळं नीट केलं. संगणकाने आकडा छापला, ९५०.२४ वॅट. किती नेमका दिसतो, नाही का? पण समजा, काळ्या चकतीचा रंग उडाला आहे आणि घुमटावर धूळ बसली आहे, म्हणून उपकरण पाच टक्के कमी सांगतं आहे. मग खरं ऊन १००० वॅट आहे! दशांश चिन्हापुढचे ते दोन आकडे आपली फक्त फसवणूक करतात. ही चूक परिवर्तकाला दिसत नाही आणि संगणकालाही दिसत नाही. ती शोधण्याचा मार्ग एकच, आपलं उपकरण खात्रीच्या प्रमाण उपकरणाशेजारी त्याच उन्हात ठेवून ताडून पाहायचं. यालाच कॅलिब्रेशन म्हणतात.

आणि प्रमाण उपकरण तरी खरं कशावरून? त्यासाठी अँगस्ट्रॉम यांचं एक सुंदर उपकरण वापरत. त्यात दोन काळ्या पट्ट्या असतात. एक उन्हात ठेवायची, दुसरी सावलीत ठेवून विजेने तापवायची. दोन्हींचं तापमान सारखं झालं की समजायचं, जेवढी वीज लागली तेवढंच ऊन. म्हणजे उन्हाचं वजन विजेच्या तराजूत केलं! पुढे पुणे हे जागतिक हवामान संघटनेचं आशियासाठीचं एक विभागीय प्रारण केंद्र झालं, ते असल्या काटेकोर कामाच्या पायावर.

आकाशातला ओझोन आणि थुंबाचा मनोरा

१९६० च्या दशकात ॲना मणी ओझोनकडे वळल्या. ओझोनचा थर सूर्याच्या अतिनील किरणांपासून आपलं रक्षण करतो, हे तुम्ही शिकला आहात. तेव्हा ओझोनची आजच्यासारखी चर्चा नव्हती. त्यांच्या मार्गदर्शनाखाली ओझोनसाँड हे उपकरण भारतात तयार झालं. फुग्याला बांधून ते वर सोडतात. छोटा पंप हवा आत ओढतो, हवेतला ओझोन पोटॅशियम आयोडाइडच्या द्रावणातून आयोडीन मोकळं करतो, आणि त्यामुळे अगदी बारीक विद्युत प्रवाह वाहतो. तो संकेत रेडिओवरून जमिनीवर येतो. साखळी पाहा : वायू, रसायन, वीज, रेडिओ, आणि शेवटी आकडा. एक कडी खोटी असेल तर सगळी साखळी खोटी.

१९६३ साली विक्रम साराभाई यांच्या विनंतीवरून त्यांनी केरळमधल्या थुंबा अग्निबाण केंद्रावर हवामान वेधशाळा आणि उपकरणांचा मनोरा उभारला. त्याच वर्षी २१ नोव्हेंबरला थुंबाहून पहिला अग्निबाण उडाला.

निवृत्ती? छे!

१९६९ मध्ये त्यांची बदली दिल्लीला झाली. उपमहासंचालक या पदावरून त्या १९७६ साली निवृत्त झाल्या. पण काम थांबलं नाही. १९८० आणि १९८१ मध्ये भारतातल्या सौर प्रारणावरचे त्यांचे दोन मोठे ग्रंथ आले. कुठल्या गावी, कुठल्या महिन्यात, किती ऊन पडतं, याचे तक्ते त्यांत आहेत. सौर बंब किंवा सौर पॅनेल बसवणाऱ्या अभियंत्यांनी वर्षानुवर्षे त्यांचा आधार घेतला. विचार करा, ते आकडे आले कुठून? गच्चीवरच्या त्या काळ्या चकत्यांतून, शाईच्या रेघांतून, आणि प्रत्येक उपकरण ताडून पाहण्याच्या सवयीतून.

पुढे त्यांनी देशभरातल्या वाऱ्याच्या मोजणीचं मोठं काम हाती घेतलं आणि बंगळुरात वारा व सूर्य मोजणारी उपकरणे बनवणारी छोटी कार्यशाळाही उभी केली. आज पवनचक्क्या पाहिल्या की त्यामागची ही मोजणी आठवा. १९८७ साली त्यांना भारतीय राष्ट्रीय विज्ञान अकादमीचं के. आर. रामनाथन पदक मिळालं. १६ ऑगस्ट २००१ रोजी तिरुवनंतपुरम येथे त्यांचं निधन झालं.

यातून काय घ्यायचं?

आता सुरुवातीची गोष्ट आठवा. एका विद्यापीठाने कागद कमी आहे म्हणून पदवी नाकारली. म्हणजे माणूस मोजणारं मापच तिथे अपुरं पडलं होतं! ॲना मणी यांनी त्याचं भांडवल केलं नाही. पदवी नसल्याने आपलं काही अडलं, असं त्यांना वाटलं नाही. त्यांनी जन्मभर देशाची मापं नीट केली.

तुमच्यापैकी अनेकजण उद्या सेन्सर, संगणक, कृत्रिम बुद्धिमत्ता यांत काम करतील. शाळेच्या प्रयोगशाळेत दोन-तीनशे रुपयांच्या बोर्डावर सेन्सर जोडून तुम्ही आजही आकडे मिळवू शकता. जे काम एकेकाळी कपाटाएवढा संगणक करी, ते आता तळहातावर मावतं. पण पडद्यावर आकडा दिसला की त्याला विचारायला विसरू नका, तुला कुणाशी ताडून पाहिलं आहे?

करून पहा : वर्गातले दोन-तीन तापमापक एकाच भांड्यातल्या पाण्यात दहा मिनिटे ठेवा. सगळे सारखंच तापमान दाखवतात का? फरक वहीत लिहा. मग बर्फ वितळत असलेल्या पाण्यात ठेवून पुन्हा पाहा. तिथे शून्य अंश यायला हवं. ज्याचं येत नाही, त्याच्यावर किती अंशांची चूक आहे याची चिठ्ठी चिकटवा. उपकरण टाकून द्यायचं नाही, त्याची चूक माहीत करून घ्यायची. सिमला ऑफिसात हेच काम मोठ्या प्रमाणावर चालत असे!